टाकीचं कुलूप

दिवाळीला पंधरा दिवस राहिले असताना हंबीरराव शिरोली नाक्याजवळच्या कुतुबुद्दीन मिस्त्रीच्या गॅरेजात सकाळी आठ वाजता येऊन बसले, तेव्हा त्यांच्या खिशात मुलीची नेलपॉलिशची बाटली होती. गुलाबी, चमकी असलेली. निशिगंधा कॉलेजला गेल्यावर त्यांनी ती आरशाखालून उचलली होती. साठीचा मिशीवाला माणूस असली बाटली घेऊन कसबा बावड्यातून निघाला हे कुणी पाहिलं असतं, तर पुढचे दोन महिने पारावर दुसरा विषय निघाला नसता. पण हंबीररावांना लोकांची भीती नव्हती. त्यांना भीती होती मिस्त्रीची.

त्यांनी बाटलीचं बूच उघडलं आणि इंजिनाला लागणाऱ्या एकेका वस्तूवर गुलाबी ठिपका द्यायला सुरुवात केली. मेन पंपावर एक, फीड पंपावर एक, डिझेल फवारणाऱ्या सहा नोझलांवर सहा. कुतुबुद्दीन हातातला पाना खाली ठेवून बघत राहिला.

"इंजिनाचं लगीन हाय काय, मालक?"

"खूण करून ठेवलीया. मागनं म्हणू नगंस, माझ्या ध्यानात न्हवतं."

"चाळीस वर्सं झाली मला ह्या धंद्यात. कुणी बोटाला हळद लावून खूण केली न्हवती अजून."

"त्यांचं काय गेलं ते त्यांनाच ठावं," असं म्हणून हंबीररावांनी बूच घट्ट लावलं आणि स्टूल पंपाच्या जवळ ओढून घेतलं.

त्यांचा ट्रक सव्वीस वर्षांचा. शाहूवाडीकडचा तांदूळ आणि आजऱ्याचा काजू कोल्हापूरच्या मार्केट यार्डात आणून टाकण्यात त्याचं आयुष्य गेलं. गेल्या महिन्यात बेअरिंगं गेली, रॉडनं ब्लॉक फोडला आणि इंजिनाच्या पोटातलं सगळं रस्त्यावर आलं. नवा ट्रक घ्यायला हंबीरराव तयार नव्हते, कारण नव्या ट्रकात कुठं काय असतं ते त्यांना माहीत नव्हतं, आणि जे आपल्याला माहीत नाही तिथंच लोक फसवतात असा त्यांचा अनुभव होता. म्हणून त्याच कंपनीच्या एका अपघातातल्या गाडीचं अलीकडचं इंजिन आणलं. आरटीओचे कागद झाले, चेन ब्लॉकनं उचलून इंजिन चेसीवर बसवलंही. राहिलं होतं डिझेलचं काम, म्हणजे टाकीपासून नोझलपर्यंतचं सगळं.

संशय हा हंबीररावांचा दुसरा श्वास होता. घरची म्हैस, घरचीच चिमणाबाई धार काढणार, तरी दुधाच्या चरवीत बोट बुडवून नखावर थेंब धरून बघायचे. घराला कुलूप लावून एसटी स्टँडपर्यंत गेले की परत यायचे आणि कुलूप ओढून बघायचे. पेट्रोल पंपावर केबिनमधून उतरून काट्यासमोर उभे राहायचे. आणि हे सगळं ते मोठ्या अभिमानानं सांगायचे. ऐन तारुण्यात ते स्वतः दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होते. त्या काळात हायवेवरच्या ढाब्यामागं मालकाचं डिझेल कॅनमध्ये कसं उतरतं हे त्यांनी पाहिलं होतं, आणि खरं सांगायचं तर नुसतं पाहिलं नव्हतं. पुढं स्वतःची गाडी झाल्यावर त्यांना प्रत्येक ड्रायव्हरमध्ये आपलाच जुना चेहरा दिसायला लागला, यात नवल नाही.

म्हणून त्यांनी टाकीला कुलूप केलं. कंपनीचं टोपण काढून टाकलं आणि उद्यमनगरातून जाड पोलादी झाकण करून घेतलं. बिजागरी, आत रबराचा वायसर आणि वर कुलूप. चावी करदोट्याला. रोज सकाळी झाकण उघडून आत काठी बुडवायची आणि काठीवर डिझेल कुठपर्यंत चढलं ते बघायचं. गाडीवर तेव्हा ड्रायव्हर होता जोतीराम, चिमणाबाईचा पाठचा भाऊ. सख्खा मेव्हणा म्हणून काठी काही त्यांनी बाजूला ठेवली नाही. काठी दोन-तीन बोटं कमी दाखवायची. हंबीरराव विचारायचे, जोतीराम म्हणायचा मला ठावं न्हाय. एके दिवशी भर अंगणात, शेजारीपाजारी बघत असताना, हंबीररावांनी त्याला चोर म्हटलं. तो गाडीची चावी पायरीवर ठेवून गेला. या गोष्टीला आठ वर्षं झाली.

आठ वर्षं तो या घराची पायरी चढला नव्हता. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात. चिमणाबाईला भाऊ होता, धडधाकट होता, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामगारांची बस चालवत होता. तरी दर भाऊबीजेला ती ताट घेऊन गच्चीवर जायची आणि पश्चिमेला बुडू घातलेल्या त्या बारीक कोरीला ओवाळून खाली यायची. नवऱ्याला ती एक शब्द बोलली नाही. एकदाच म्हणाली होती, "भोक असंल तर दाखवा मला, पडलं कुठनं ते डिझेल." ते हंबीररावांना दाखवता आलं नव्हतं, आणि तेच त्यांना सलत होतं. जोतीराम चोर असेल तर आपण बरोबर होतो. आणि नसेल, तर या बाईला आठ वर्षं चंद्राकडं कुणी पाठवलं? हा दुसरा प्रश्न ते मनात पुरता येऊ देत नसत.

"इंजिन कोण बी बसवतंय, मालक," कुतुबुद्दीन हात पुसत म्हणाला. "त्येला पाजायचं कसं, तिथं मिस्त्री कळतोय. ह्ये जुन्याच्या दीडपट पिणार. बारकी नळी चालायची न्हाय. फिल्टर दोन लावतो. आणि रिटर्नची नळी बी जाड पायजे."

"जाणारी जाड कर. परत येणारी कशाला जाड?"

"पंपाला जास्ती झालेलं डिझेल टाकीत माघारी जातंय त्यातनं."

"टाकीतच जातंय न्हवं?"

मिस्त्री पाना उचलून परत कामाला लागला. मग हंबीरराव धोतर खोचून गाडीखाली शिरले आणि मोबाईलच्या उजेडात त्या नळीवरून, पंपापासून टाकीपर्यंत, तसूतसूनं हात फिरवत गेले. मध्ये कुठं फाटा नाही याची खात्री झाल्यावर बाहेर आले. पाठीला ग्रीस लागलं होतं.

जुन्या इंजिनाचं ऑइल एका डब्यात काढून ठेवलं होतं. ते मिस्त्रीनं त्यांच्या नाकापाशी आणलं. "वास घ्या. डिझेल हाय ह्यात. तुमचा जुना पंप आतल्या आत गळत हुता, लई वर्सांपासनं. डिझेल ऑइलात जायाचं, ऑइल पातळ व्हायाचं. त्यानंच बेअरिंगं खाल्ली."

"हं," हंबीरराव म्हणाले. मिस्त्री लोकांना काहीतरी सांगावंच लागतं, असं त्यांना वाटलं. जुना पंप भंगारात न घालता त्यांनी पोत्यात घालून स्वतःच्या स्टुलाखाली ठेवला.

तिसऱ्या दिवशी टाकी उतरवली. आत गाळ असेल तर नवा पंप महिन्यात जाईल, धुतलीच पाहिजे, असं कुतुबुद्दीनचं म्हणणं. पट्टे सोडले, टाकी जमिनीवर घेतली आणि वरचा वाळलेला चिखल खरवडला. टाकीच्या माथ्यावर, पट्ट्याच्या आडोशाला, चेसीच्या बाजूला, जिथं एरवी कुणाची नजर जाणार नाही अशा जागी, तांब्याची एक बारीक नळी निघाली. करंगळीएवढी. वर येऊन छत्रीच्या दांड्यासारखी खाली वळवलेली, बुडाशी एमसीलनं पक्की केलेली, आणि तोंडाला मलमलीची चिंधी तारेनं बांधलेली.

हंबीरराव स्टुलावरून उठले. त्यांच्या तोंडावर असा आनंद मिस्त्रीनं तीन दिवसांत पाहिला नव्हता.

"सापडलं," ते हळूच म्हणाले. "आठ वर्सं हुडकतोय. सापडलं."

"काय सापडलं?"

"भोक. ह्यातनंच काढत हुता त्यो डिझेल."

कुतुबुद्दीननं नळी बोटानं हलवून बघितली, चिंधी नाकाला लावली. "मालक, चोरी करणारा वरच्या अंगाला भोक पाडंल व्हय? आणि फडकं कशाला बांधंल? ह्ये कुणी तरी डोस्कं लावून केलंय. हवेसाठी केलंय असं दिसतंय. तुमच्या त्या झाकणाला हवेचं भोक हाय न्हवं?"

"हाय."

"उघडा की. बघतो."

झाकण टाकीवरच होतं, कुलूपबंद. हंबीररावांचा हात करदोट्यावर गेला आणि तिथंच थांबला. इतक्या वर्षांत त्या कुलपाची चावी दुसऱ्याच्या हातात गेली नव्हती. मिस्त्री आज झाकण बघेल, उद्या चावीचा ठसा घेईल. "हाय म्हणतोय न्हवं मी," ते म्हणाले. "तू भोक बुजव. धुवायच्या वेळी कुलूप मी काढतो आणि मीच लावतो."

गाडी मालकाची. कुतुबुद्दीननं टाकी धुतली, आगीची भीती नको म्हणून पाण्यानं भरली आणि ब्रेझिंग करून, म्हणजे पितळ वितळवून, भोक बुजवलं. तांब्याची नळी हंबीररावांनी वर्तमानपत्रात गुंडाळून घरी नेली.

चिमणाबाई चकलीची भाजणी चाळत होती. त्यांनी कागद तिच्यासमोर उलगडला.

"भोक दाखवा म्हणलीतीस न्हवं? ह्ये बघ. तुझ्या भावाचं काम."

तिनं चाळण खाली ठेवली. नळी हातात घेतली, त्या चिंधीकडं बराच वेळ बघितलं. तिच्या ओळखीचं फडकं होतं ते. जोतीरामच्या घामाच्या रुमालाचा काठ होता तो, तिनंच शिवलेला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ठेवा तिथं फळीवर," एवढंच ती म्हणाली आणि परत चाळायला लागली. त्या रात्री हंबीररावांना गाढ झोप लागली. जिंकलेल्या माणसाची झोप.

दोन दिवसांनी गाडी तयार झाली. पंप बेंचवर लावून, तपासून आणला होता, सगळे गुलाबी ठिपके जागच्या जागी होते. डिझेल हंबीररावांनी स्वतः कॅननं आणून, स्वतः ओतून, स्वतः कुलूप घातलं. मिस्त्रीनं नळ्यांमधली हवा काढली, सेल्फ मारला, आणि इंजिन एका झटक्यात चालू झालं. आवाज इतका सुरेख होता की शेजारच्या टायरवाल्यानंही मान वर केली. जोतिबाच्या चढाला एक चक्कर मारून बघायचं ठरलं. स्टिअरिंगला कुतुबुद्दीन, शेजारी हंबीरराव.

केर्ली गाव ओलांडेपर्यंत गाडी झकास चालली. चढ लागला आणि अर्ध्या वाटेत इंजिनाला धाप लागली. दोनदा आचका दिला आणि बंद.

हंबीररावांच्या मनात पाल चुकचुकली नाही, ती तिथं कायमचीच राहायला होती. ते आधी उतरून पंपाकडं गेले. ठिपका होता. नोझलांवरचे सहा ठिपके होते.

"आतलं सामान बदललास काय, मिस्त्री? वरचा ठिपका ठिवून?"

कुतुबुद्दीन पाना घेऊन पुढं झाला. मग त्यानं फीड पंपावरचा हातपंप मारायला घेतला. पंप दाबला की वर येईना. फिल्टरचा नट सैल केला, तर डिझेल गळायच्या ऐवजी नळीनं हवा आत ओढून घेतली. "काय तरी आडवतंय," तो म्हणाला. "टाकीकडनं येत न्हाय."

"येणार कसं? तू काढलं असशील गॅरेजात," हंबीरराव म्हणाले आणि सीटमागची काठी घेऊन टाकीकडं निघाले. कुलूप काढलं. झाकण ओढलं, उघडेना. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा ते सुटलं. फुस्स करून हवा आत शिरली, चांगली लांब, आणि टाकीचा पत्रा आतून ठोकल्यागत टण् करून बाहेर आला. त्यांनी काठी बुडवून बघितली. डिझेल होतं तेवढंच होतं.

कुतुबुद्दीननं पुन्हा हातपंप मारला. आता तो नरम चालला. सेल्फ मारला, गाडी चालू.

"बघितलास?" हंबीरराव सवयीनं म्हणाले. "ही गाडी माझ्या हाताला वळखती. पूर्वी बी असंच. त्यो जोतीराम घाटात बंद पडली म्हणून फोन करायचा. मी जायाचो, टाकी उघडून काठी घालायचो, डिझेल हाय म्हणून बघायचो, आणि सेल्फ मारला की..."

ते बोलायचे थांबले.

"मारला की चालू," कुतुबुद्दीननं वाक्य पुरं केलं. तो खाली उतरला आणि झाकणाचा आतला भाग बोटानं चाचपला. रबर सलग होतं, पोलाद सलग होतं. भोक कुठंच नव्हतं. "कुलूप लावा आता. परत चालवू या. तुमीच लावा, तुमचा माझ्यावर इश्वास न्हाय."

त्यांनी कुलूप लावलं. वर जोतिबापर्यंत जायच्या आत गाडी पुन्हा बंद पडली. हंबीरराव पुन्हा उतरले, पुन्हा झाकण ओढलं, पुन्हा तीच फुस्स. पूर्वी ती ऐकली होती त्यांनी, कितीतरी वेळा. डिझेलची वाफ म्हणून सोडून दिली होती.

"टाकीतनं डिझेल गेलं की त्या जागी हवा याया पायजे," कुतुबुद्दीन शांतपणे म्हणाला. "तुमी सगळ्या वाटा बंद केल्या. ती नळी हुती म्हणून गाडी आठ वर्सं चालली तुमची. कुठाय ती नळी?"

हंबीरराव रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. त्यांना सगळं आठवलं. जोतीराम अंगणात उभा राहून म्हणाला होता, "दाजी, टाकीला हवा लागती, झाकणाला भोक पाडू या." त्यावर आपण म्हणालो होतो, "हवा टाकीला लागती का तुला लागती, ढाब्यावर?" आणि चार माणसं हसली होती. त्यानंतर गाडी घाटात बंद पडायची थांबली. आपण भरलेला दम कामी आला, असं आपण पारावर सांगितलं होतं. आणि काठीवरची दोन बोटं? ऑइलाच्या डब्याचा वास त्यांच्या नाकात आला. जोतीरामनंतर चार ड्रायव्हर त्यांनी चोर म्हणून काढले होते. हंबीररावांना स्वतःची लाज वाटली, आणि इतकी वाटली की मिस्त्रीकडं बघवेना.

"चला," कुतुबुद्दीन म्हणाला. "झाकण उघडं ठिवून जाऊ."

दुसऱ्या दिवशी ते कागलला गेले. पाळी सुटायला अवकाश होता, बसगाड्या ओळीनं उभ्या होत्या. जोतीराम एका बसची पुढची काच पुसत होता. केस पांढरे झाले होते. हंबीररावांना बघून त्यानं फडकं थांबवलं नाही.

हंबीररावांनी कागद उलगडून नळी पुढं धरली. "ह्ये सापडलं."

"व्हय. मीच बसवलतं."

"इंजिन बदललं. ह्ये बुजवलं आणि गाडी बंद पडली. झाकण उघडलं की चालू."  घरून निघताना जे बोलायचं ठरवलं होतं ते तोंडातून निघेना. शेवटी म्हणाले, "चुकलो मी, जोतीराम. तू चोर न्हवतास."

जोतीरामनं फडकं पिळलं, घडी केली, बोनेटवर ठेवलं. आवाज न चढवता तो बोलला.

"मी तुमास्नी तोंडानं सांगितलतं, दाजी. तवा पटलं न्हाय. आज ह्या नळीनं सांगितलं, तर पटलं."

हंबीररावांनी नळी परत कागदात गुंडाळली.

"गाडीवर परत ये," ते म्हणाले. "चावी तुझ्याकडंच ठेव. टाकीची बी."

"न्हाय." मग त्यानं विचारलं, "अक्का कशी हाय?"

"बरी हाय. भाऊबीजेला..." त्यांना चंद्राचं सांगायचं होतं, सांगता आलं नाही.

"येतो म्हणावं तिला. अक्काकडं येतो."

घरी आल्यावर चिमणाबाईनं विचारलं, काय म्हणाला. हंबीरराव करदोट्याची चावी सोडून फळीवर ठेवत म्हणाले, "येतो म्हणाला. तुझ्याकडं." तुझ्याकडं हा शब्द तिनं बरोबर ऐकला. तिनं अनारशाचं पीठ काढलं. अनारसे जोतीरामला लहानपणापासून आवडायचे.

भाऊबीजेला तो आला. दारात उभ्या ट्रकच्या टाकीवर कंपनीचं साधं टोपण बघून जरा थांबला, मग आत गेला. चिमणाबाईनं पाट मांडला, निशिगंधानं मामाच्या हातावर पाणी घातलं. हंबीरराव सोप्यात बसून होते. जोतीरामनं त्यांना नमस्कार केला, पाहुणे करतात तसा, आणि पाटावर जाऊन बसला. आत या, असं हंबीररावांना कुणी म्हणालं नाही. म्हणावं लागायचं काही कारणही नव्हतं, घर त्यांचंच होतं. पण त्यांना उठून आत जाववेना.

मग ते जिना चढून गच्चीवर गेले. कशाला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पश्चिमेला उसाच्या फडांवर ती बारीक कोर उतरत आली होती. कठड्याच्या एका जागी तेलाचे डाग होते, एकाशेजारी एक, वाळून काळे झालेले. निरांजन ठेवायची तिची जागा असावी. त्यांनी ते आजवर कधी पाहिले नव्हते. खालून बहीणभावाच्या हसण्याचा आवाज येत होता. हंबीररावांनी सवयीनं कंबरेला हात लावला, तिथं चावी नव्हती. कोर बुडेपर्यंत ते कठड्याशी उभे राहिले.